मराठवाड्याच्या डोंगर-तळ्यांत पायी फिरताना फोटो कसे काढावेत

मराठवाड्यातला डोंगर उंचीमुळे डोळ्यांत भरत नाही. म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, पण खुलताबादकडून जाताना तो पठारावरचाच आणखी एक चढ वाटतो. बालाघाटाला तर शिखर असं नाहीच, लांबच लांब धार आहे. सह्याद्रीचे फोटो मनात धरून इथं आलेला माणूस दुपारी बारा वाजता चार फोटो काढतो आणि इथं काढण्यासारखं काही नाही असं म्हणत परत जातो. काढण्यासारखं पुष्कळ आहे, ते ऊन तिरपं झाल्यावर दिसायला लागतं.

हा सगळा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार होतो. म्हणून इथले डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगावर पायऱ्या-पायऱ्यांचे असतात. सूर्य डोक्यावर असताना या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. सूर्य खाली आला की प्रत्येक पायरीखाली सावलीची एक रेघ उमटते आणि डोंगराला अंग येतं. मोबाइल असो की कॅमेरा, ती सावली कुठं आणि कधी पडते हे ओळखायला शिकायचं आहे. पुढचं सगळं त्यासाठीच.

पहिली पायरी: घराजवळची एक जागा धरा

सुरुवात अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटपासून करू नका. घरापासून तासाभरात पोचता येईल अशी एक टेकडी आणि एक तळं निवडा आणि तिथंच पुन्हा पुन्हा जा. मराठवाड्यात हे अवघड नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर गावोगाव पाझर तलाव झाले, त्यातले कितीतरी डोंगराच्या पायथ्यालाच आहेत. अशा तलावाच्या बांधावर उभं राहिलं की समोर पाणी, मागं डोंगर आणि मधे शिवार, शिकायला लागतं ते सगळं एका जागी मिळतं.

थोडा हात बसल्यावर लांब जा. छत्रपती संभाजीनगरकडच्यांना सुलीभंजन, म्हैसमाळ, कन्नडचं गौताळा अभयारण्य आणि सोयगावजवळचा वेताळवाडीचा किल्ला आहे. बीडकरांना कपिलधार आणि पाटोदा तालुक्यातला सौताडा. धाराशिवकडे येडशीचं रामलिंग आणि नळदुर्ग. नांदेडकडच्यांनी माहूरचे डोंगर आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा बघावा. हिंगोली-परभणीकडे पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत. आणि पाणी म्हणजे काय ते बघायचं असेल तर पैठणचा नाथसागर.

दुसरी पायरी: ऊन कोणत्या बाजूनं येईल ते आधी ठरवा

बहुतेक नवशिके ही पायरी गाळतात. माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे.

सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनाच्या सुमारास. डिसेंबरात तो आपल्याकडे पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला सरकून, म्हणजे आग्नेयेच्या बाजूला उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच ईशान्येकडे. एवढ्या फरकानं अख्खा डोंगर उजेडात येतो किंवा अंधारात जातो.

आता इथल्या डोंगरांची ठेवण बघा. अजिंठ्याच्या रांगेची तुटलेली, उभी बाजू उत्तरेकडे खानदेशात उतरते. बालाघाटाची उभी बाजूही उत्तरेला, गोदावरीच्या खोऱ्याकडे आहे. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना हीच बाजू समोर असते. उत्तरेकडे तोंड असलेल्या कड्यावर हिवाळ्यात थेट ऊन जवळजवळ पडतच नाही, कारण सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो. त्यामुळे डिसेंबरात पायथ्याच्या गावातून कड्याकडे कॅमेरा लावला की काळा डोंगर आणि पांढरं आभाळ एवढंच येतं. त्या दिवसांत कडा सोडा आणि कड्यातून पुढं निघालेल्या सोंडा बघा. सकाळी त्यांची पूर्वेची बाजू उजळते, संध्याकाळी पश्चिमेची, आणि दुसऱ्या बाजूला गडद सावली राहते. खुद्द कड्यावर ऊन हवं असेल तर मे अखेरीपासून जुलैपर्यंतची सकाळ किंवा संध्याकाळ गाठा, कारण तेव्हा सूर्य उत्तरेकडून उगवतो आणि उत्तरेकडे मावळतो. ढग मात्र आडवे यायला नकोत.

उन्हाच्या उंचीचंही असंच आहे. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा सकाळी आठनंतर डोंगराचे फोटो काढण्यात राम नाही. डिसेंबरात मात्र तो भर दुपारीही सुमारे ४७ अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे बारा वाजताही झाडाची सावली जवळजवळ झाडाएवढी असते. ज्याला पहाटे उठून निघणं जमत नाही त्यानं हिवाळ्यात शिकावं.

सूर्य कोणत्या दिवशी कुठं उगवेल ते नकाशावर रेघ ओढून दाखवणारी मोबाइल ॲप आहेत. ती वापरा. ॲप नसेल तर साधं होकायंत्र आणि आदल्या संध्याकाळची एक फेरी पुरते.

तिसरी पायरी: महिना बघून निघा

जून-जुलैत पहिल्या पावसानंतर माळ हिरवा व्हायला लागतो, ओला बेसाल्ट काळाभोर दिसतो आणि ढगांच्या सावल्या डोंगरावरून सरकत जातात. या सरकत्या सावल्यांसाठी एका जागी अर्धा तास बसायची तयारी ठेवा. समोरची टेकडी उजेडात आणि मागची सावलीत, असा क्षण येतोच.

सप्टेंबरात तेरडा आणि सोनकी फुलते. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की हवा इतकी धुतलेली असते की लांबच्या रांगा एकामागे एक सुट्या दिसतात. मराठवाड्यात फोटोसाठी एकच महिना निवडायचा झाला तर मी ऑक्टोबर निवडेन. पाणी भरलेलं, गवत पिवळं पडू लागलेलं, रब्बीची पेरणी चाललेली आणि ऊन सोनेरी.

हिवाळ्यात नदीकाठी आणि धरणाकाठी धुकं असतं, नाथसागरावर रोहित पक्षी आणि बाकीचे पाहुणे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. किनवट-माहूरकडच्या जंगलात तो बघण्यासारखा असतो आणि पानं झडल्यामुळे डोंगराची हाडंही दिसतात. एप्रिल-मे लोक सोडून देतात. हवा धुळीनं धूसर असते हे खरं, पण धरणांचं पाणी मागं हटलेलं असतं, उघड्या पडलेल्या गाळाला भेगा पडलेल्या असतात आणि कुठं गाळपेर केलेल्या हिरव्या पट्ट्या पाण्याच्या कडेनं दिसतात. हे दृश्य इथल्या माणसानंच टिपावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते इथल्या जगण्याचं आहे.

चौथी पायरी: ओझं कमी ठेवा

चांगला मोबाइल असेल तर वर्षभर त्याच्यावरच शिका. कॅमेरा असेल तर त्याच्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स आणि जमल्यास ५५-२०० किंवा तत्सम एक लांबची लेन्स पुरे (हे आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ येतं). हलका ट्रायपॉड घ्यायचा असेल तर घ्या. तो वाऱ्यात हलतो, म्हणून मधल्या दांड्याला पाठपिशवी अडकवा. पोलरायझर फिल्टर (लेन्सच्या पुढं बसवायची, चकाकी अडवणारी काच) ही मी सुचवेन अशी एकच जादा वस्तू. ओल्या खडकाची आणि पानांची चकाकी तो कमी करतो. सूर्य तुमच्या खांद्याच्या बाजूला असताना तो आभाळ गडद करतो, सूर्य समोर किंवा पाठीशी असला की आभाळावर फारसा परिणाम होत नाही.

बाकी पिशवीत पाणी (उन्हाळ्यात माणशी निदान तीन लिटर), टोपी, लेन्स पुसायला सुती कापड, पावसाळ्यात प्लास्टिकची जाड पिशवी, चार्ज केलेली पॉवर बँक, विजेरी आणि भाकरी-चटणी. पायांत घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट. कुसळीच्या गवतातून चाललेला माणूस हे विसरत नाही.

पाचवी पायरी: आधी चाला, मग कॅमेरा काढा

जागेवर पोचल्याबरोबर फोटो काढू नका. पंधरा-वीस मिनिटं नुसतं फिरा. कुठून दोन टेकड्यांच्या मधली फट दिसते, कुठून विजेची तार चौकटीत येते, कुठं एकटं बाभळीचं झाड आभाळावर सुटं उभं आहे, हे चालल्याशिवाय कळत नाही. दहा पावलं डावीकडं सरकलं तरी झाड आणि मागचा डोंगर एकमेकांपासून सुटे होतात. आणि बसून बघा. गुडघ्याच्या उंचीवरून समोरचा दगड मोठा होतो, उभ्यानं तोच दगड नाहीसा होतो.

एक सवय लावून घ्या. फोटो काढण्याआधी स्वतःला विचारा, मी इथं कशासाठी थांबलो? उत्तर ‘त्या कड्याखालची सावली’ असेल तर चौकटीत सावलीला जागा द्या आणि अर्ध्याहून जास्त आभाळ काढून टाका. उत्तर सापडत नसेल तर पुढं चाला.

सहावी पायरी: डोंगराची चौकट

इथं मोबाइलवाल्यांची हमखास फसगत होते. समोर विस्तीर्ण दृश्य आहे म्हणून ०.५ ची रुंद लेन्स लावली जाते. रुंद लेन्स जवळचं मोठं आणि लांबचं लहान करते, म्हणजे आधीच बुटका असलेला आपला डोंगर क्षितिजावरची एक रेघ होऊन जातो. इथल्या डोंगराला उलटं हवं असतं. २ किंवा ३ ची लेन्स असेल तर ती लावा, कॅमेऱ्यावर ७० ते २०० मिलिमीटरच्या दरम्यान या. लांबच्या लेन्सनं मागच्या रांगा पुढच्या रांगांजवळ येतात, थरावर थर रचल्यासारखे दिसतात आणि देवगिरीसारखा एकटा उभा डोंगर खरोखर उभा वाटतो. बोटांनी ताणून केलेला झूम मात्र टाळा, त्यात नुसते ठिपके मोठे होतात.

रुंद लेन्स वापरायचीच असेल तर पायाजवळ काहीतरी ठोस ठेवा: भेगाळलेला खडक, तरवडाचं झुडूप, दगडी बांध, ज्वारीचं ताट. रिकामा माळ पुढं ठेवला तर चौकटीचा खालचा अर्धा भाग वाया जातो.

क्षितिज सरळ ठेवा. सपाट माथ्याच्या डोंगरात हे दुप्पट महत्त्वाचं, कारण माथा जरा कलला तरी लगेच खटकतं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाळीच्या रेघा चालू करा. आभाळात काही घडत नसेल तर त्याला वरची पातळ पट्टी द्या. वळवाचे ढग जमले असतील तर उलटं करा, डोंगराला खालची पट्टी आणि बाकी सगळं आभाळाला.

एक माणूस, एक बैलगाडी, मेंढरांचा एक कळप चौकटीत आला की डोंगराचा आकार कळतो. ही मोजपट्टी लहानच हवी.

सातवी पायरी: पाणी

आधी हे लक्षात घ्या की मोठं पाणी प्रतिबिंब सहसा देत नाही. नाथसागरासारख्या जलाशयावर वाऱ्याला धावायला मैलोन्‌मैल मोकळी जागा मिळते, त्यामुळे लाटा उठतात. प्रतिबिंब हवं असेल तर डोंगराच्या कुशीतला लहान पाझर तलाव गाठा आणि सूर्य उगवण्याच्या आधी गाठा. वारा बहुतेक वेळा ऊन तापल्यावर उठतो. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ न्याल तितकं प्रतिबिंब मोठं येतं. प्रतिबिंब खऱ्या डोंगरापेक्षा थोडं गडदच असतं, ते घरी बसून उजळ करत राहू नका. क्षितिज चौकटीच्या मधोमध ठेवू नये असा नियम सांगतात, पण प्रतिबिंबाच्या फोटोत तो खुशाल मोडा.

नाथसागराचा फोटो वेगळ्या तऱ्हेनं काढावा लागतो. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची भिंत सुमारे १० किलोमीटर लांब आहे आणि पाण्याचा पलीकडचा काठ दिसतोच असं नाही. तिथं पाण्याचा अफाटपणा हाच विषय. एक होडी, मासेमाराची एक काठी किंवा पाण्यात उभं राहिलेलं एक वठलेलं झाड, एवढंच घ्या. जलाशय कायगाव टोक्याकडून, म्हणजे जिथं प्रवरा गोदावरीला मिळते त्या बाजूनं, आग्नेयेला पैठणकडे पसरत जातो. म्हणून हिवाळ्यातला सूर्योदय पाण्यावर हवा असेल तर वरच्या, कायगावच्या अंगाला जा आणि उन्हाळ्यातला सूर्यास्त हवा असेल तर पैठणच्या अंगाला. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताना उगवतो. त्या वेळी आभाळात थोडा उजेड असल्यामुळे चंद्र आणि काठ दोन्ही एका फोटोत नीट येतात. तासाभरानं ते जमत नाही.

धबधब्यांना उलट नियम. सौताड्याला विंचरणा नदी खोल घळीत कोसळते, खाली रामेश्वराचं मंदिर आहे. अशा घळीत ऊन आलं तर अर्धा भाग पांढराफटक आणि अर्धा काळा होतो, म्हणून ढगाळ दिवस निवडा. पाण्याच्या रेशमी धारा हव्या असतील तर शटर (उजेड आत सोडणारा पडदा) पाव ते एक सेकंद उघडं ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा दगडावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. पाण्याचा जोर दाखवायचा असेल तर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं जलद शटर घ्या. नळदुर्गचे नर-मादी धबधबे बोरी नदीला भरपूर पाणी असतानाच वाहतात, निघण्याआधी तिथल्या कोणाला तरी फोन करून विचारून घ्या. तुषारांनी लेन्स भिजते, दर दोन फोटोंनी पुसा.

आठवी पायरी: सेटिंग

मोबाइलवर: लेन्स पुसा, फ्लॅश बंद करा, आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा म्हणजे उजेड आणि फोकस तिथं अडकून राहतो, मग बोट खाली सरकवून फोटो थोडा गडद करा. गडद फोटो नंतर उजळता येतो, पांढरं पडलेलं आभाळ परत येत नाही. रॉ फाइल (मोबाइलनं स्वतः न सुधारलेला मूळ फोटो) काढण्याची सोय असेल तर चालू ठेवा.

कॅमेऱ्यावर: अॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो), छिद्र एफ ८ ते एफ ११, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००. एफ २२ पर्यंत जाऊ नका, त्यानं धार बोथट होते. हातात धरून काढताना शटर लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा मंद नको, २०० मिलिमीटरला निदान सेकंदाचा दोनशेवा भाग. पुढं दगड आणि मागं डोंगर असं दृश्य असेल तर चौकटीच्या खालून एक तृतीयांशावर फोकस करून बघा आणि पडद्यावर मोठं करून दोन्ही टोकं तपासा.

काळ्या खडकानं चौकट भरली असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो. एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) अर्धा ते एक स्टॉप, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या मापानं −०.५ ते −१, कमी करा, खडक पुन्हा काळा होतो. हिस्टोग्राम (डावीकडं अंधार, उजवीकडं उजेड दाखवणारा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही ना एवढं बघत राहा, बाकीचं त्यातलं हळूहळू कळेल.

नववी पायरी: जीव, शिवार आणि माणसं जपा

वीज हा मराठवाड्यातला खरा धोका आहे. मोसमी पाऊस येण्याआधी आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग भरून आले आणि गडगडाट ऐकू आला की माथा सोडा, ट्रायपॉड आवरा, एकट्या झाडाखाली उभे राहू नका. ढग कितीही देखणे असले तरी.

ओसरलेल्या धरणाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत ओला असतो, त्यात मांडीपर्यंत पाय जातो. काठीनं चाचपल्याशिवाय पुढं जाऊ नका. कड्याच्या टोकावर मागं सरकत फोटो काढू नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकावर बूटही घसरतो. लेण्यांजवळ आणि किल्ल्यांवर आग्या मोहोळं असतात. तिथं धूर, आरडाओरडा आणि अत्तर टाळा. दगडावर हात ठेवण्याआधी बघा, घोणस आणि फुरसं दोन्ही इथं आहेत. एकटे जाणार असाल तर घरी वाट सांगून जा, डोंगराआड रेंज नसते.

अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. धरणाच्या भिंतीवर, अभयारण्यात आणि ड्रोन उडवण्याआधी तिथल्या खात्याला विचारा.

पेरलेल्या रानातून चालू नका, बांधावरून जा. शेतात कोणी असेल तर हाक मारून ‘राम राम’ करा आणि विचारा, ‘काका, बांधावरून तळ्याकडं जाऊ का?’ नाही म्हणणारा क्वचितच भेटतो, उलट कोणता कडा कधी उजळतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. माणसाचा फोटो काढण्याआधी विचारा. विशेषतः मेंढपाळांच्या मुक्कामावर आणि बायका पाणी भरतात तिथं कॅमेरा आधी खाली ठेवा.

दहावी पायरी: घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो दोन ठिकाणी साठवा. निवड मात्र चार दिवसांनी करा, तोवर चढाची दमछाक आणि पहाटेचा आनंद बाजूला होतो आणि नुसता फोटो दिसतो. एका फेरीतले तीन-चारच ठेवा. दुरुस्ती करताना क्षितिज सरळ, उजेड थोडा इकडंतिकडं, सावल्या किंचित उघड्या, एवढं पुरे. रंग भडक करण्याचा मोह माळरानाच्या पिवळ्या-तपकिरी छटा मारून टाकतो आणि उन्हाळ्यातला बालाघाट कोकणासारखा हिरवा केला तर तो बालाघाट राहत नाही.

प्रत्येक ठेवलेल्या फोटोखाली तारीख, वेळ आणि उभं राहिलेली जागा लिहा. पुढच्या ऋतूत त्याच जागी जाऊन तीच चौकट पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. वाटेत ज्यांचे फोटो काढले त्यांना मोबाइलवर पाठवा, आणि ज्यांच्याकडे तशी सोय नाही त्यांच्यासाठी एक प्रत छापून पुढच्या फेरीला सोबत न्या.